कपाटामागची भिंत

माझी थोरली मेव्हणी कुणाच्याही घरात शिरली की आधी नाक वापरते आणि मग डोळे. खोलीच्या मधोमध उभी राहते, तोंड मिटते आणि एक लांब श्वास घेते. घरमालक बिचारा बसा बसा म्हणत खुर्ची पुसत असतो, ही मात्र वास घेत उभी. ओल आधी नाकाला कळते, डोळ्यांना नंतर, असं तिचं म्हणणं. आमच्या घरीही ती अशीच येते. सख्ख्या बहिणीकडे येताना माणूस हातात काहीतरी गोडधोड घेऊन येतो. ही आली की भिंतीवर टिचकी मारते. टक टक. मग माझ्याकडे बघते. त्या बघण्यानेच माझं डोकं फिरतं.

ती अक्का. बँकेसाठी घरांचं मूल्यांकन करते. कुणी कर्ज काढून घर घेणार असलं की बँक आधी तिला पाठवते. तिने घर बघायचं, मोजायचं, काय दुरुस्त करणं भाग आहे आणि काय नुसतंच कुरूप आहे ते लिहायचं. तिच्या अहवालावाचून कर्ज पुढे सरकत नाही. धंद्यातले लोक तिला टिचकीबाई म्हणतात, अर्थात तिच्या माघारी. तोंडावर म्हणायची छाती अजून कुणाची झालेली नाही. मी रंगारी. तिचा धंदा उघडं पाडायचा आणि तुमचा झाकायचा, असं माझी बायको म्हणते. मला ते मान्य नाही, पण बायकोशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

अक्का मुळात टायपिस्ट. मूल्यांकन करणाऱ्या एका मोठ्या साहेबांकडे बारा वर्षं अहवाल टाइप करायची. साहेबांची पद्धत सोपी होती. गाडी घरासमोर थांबवायची, काच खाली करायची, घराकडे एकदा बघायचं, काच वर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आणि प्रत्येक अहवालात तेच एक वाक्य, 'अंतर्गत स्थिती समाधानकारक.' मग एकदा तिच्याच गल्लीत भरदुपारी एका घरात छताचं प्लास्टर पलंगावर कोसळलं. पलंगाचा मालक दाढी करायला गेला होता म्हणून वाचला. त्या घराची स्थिती समाधानकारक आहे असं महिन्यापूर्वी अक्काने आपल्या हाताने टाइप केलं होतं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन परीक्षेचा अर्ज घेऊन आली. वय छत्तीस. आम्ही सगळ्यांनी यथेच्छ चेष्टा केली, मी जरा जास्तच केली. दुसऱ्या प्रयत्नात ती पास झाली, आणि आजतागायत तिच्या एकाही अहवालात 'समाधानकारक' हा शब्द आलेला नाही.

तिची पेटी बघण्यासारखी असते. टॉर्च, मोजपट्टी, भिंतीला टेकवायचा दोन सुयांचा ओल मोजायचा मीटर, एक चपटी पेन्सिल आणि काचेची एक गोटी. गोटी जमिनीवर ठेवायची, घरंगळली तर जमिनीला उतार. बघायला आलेल्या घरात ती चहा घेत नाही, पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं. आणि सामान हलवत नाही. पलंग असो, फ्रिज असो, बोटही लावायचं नाही. "जे दिसतं ते मी लिहिते. जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणून लिहिते," असं तिचं एक ठरलेलं वाक्य आहे.

एकदा मी तिला विचारलं होतं, की अक्का, घर म्हटलं की ओरखडे आलेच, डाग आलेच, टवके आलेच. त्यातलं दुरुस्त काय करायला लावायचं आणि सोडून काय द्यायचं हे तुम्ही ठरवता कसं? ती म्हणाली, "तीन प्रश्न विचारायचे. यामुळे कुणी पडेल का? कुणाला शॉक बसेल का? आणि हे वाढेल का? तिन्हीला नाही म्हणता आलं तर ते नुसतं कुरूप आहे. कुरूप असायला माझी हरकत नाही." आणि असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी चहाचा कप तोंडाला लावला.

आता आमच्या वैराचं मूळ सांगतो. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा मी सासऱ्यांचं घर रंगवून दिलं. नवा जावई, हातात कला, सगळीकडे वाहवा. चार वर्षांनी सासऱ्यांनी घर बदललं, हमालांनी कपाट उचललं, आणि त्याच्या मागे भला मोठा जुना हिरवा चौकोन. बाकी खोली बदामी. माझं पितळ उघडं पडलं ते सगळ्या सासरच्या माणसांसमोर. खरं सांगतो, कपाटामागे रंग मारणारा रंगारी मी अजून पाहिलेला नाही. जे कुणी बघत नाही तिथे कशाला कंबर मोडून घ्यायची? पण तेव्हापासून तीस वर्षं, मी कुठलंही काम संपवलं की अक्काचा एकच प्रश्न. "रंगारीबुवा, कपाटामागे?" आणि माझं एकच उत्तर. "मारलाय की. दोन हात." खोटं बोलतोय हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. पण मानायचं नाही म्हणजे नाही.

यंदा काय झालं ते ऐका.

आमच्या मागच्या गल्लीत सिस्टर राहायच्या. नर्स होत्या, सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. तेहतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली. निम्म्या गल्लीला पहिली चापट त्यांनीच मारलेली. नवरा गिरणीत फिटर होता, तो चार वर्षांपूर्वी गेला. एकच मुलगी, ती दूरच्या शहरात. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला सिस्टरना रजा मिळाली नव्हती. दुसऱ्यांच्या मुलींशेजारी त्या रात्रंदिवस उभ्या होत्या आणि त्यांची स्वतःची मुलगी तिकडे एकटी. ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली, तिन्ही वेळा दुसऱ्याच कुठल्यातरी विषयावर बोलता बोलता. आता मुलीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, सिस्टर निवृत्त झाल्या होत्या, घर विकून कायमच्याच तिच्याजवळ जाणार होत्या. घर घ्यायला एक नवं जोडपं तयार होतं. त्यांना बँकेने कर्जाची जी मुदत दिली होती ती महिनाअखेर संपत होती. मुलीची तारीख त्याच्यापुढे आठवड्यावर. एक अहवाल अडला तर सगळंच अडलं.

सिस्टरनी मला बोलावलं. "मूल्यांकनाला बँकेचं माणूस येणार आहे. वरची खोली जरा नीट करून द्या." वरच्या खोलीत न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, चहा सांडून वाळावा तसा तपकिरी डाग होता. निम्मा कपाटाच्या बाजूला दिसत होता, निम्मा कपाटामागे गेलेला. डागाच्या कडेने कुणीतरी पेन्सिलीने रेघ ओढलेली. मला वाटलं नातवंडाचे उद्योग. मी म्हटलं, "सिस्टर, काळजी सोडा. असा गायब करतो की तुम्हालाच जागा सापडणार नाही." घासलं, खाचांत लांबी भरली, अस्तर मारलं, वर दोन हात. पेन्सिलीची रेघही गेली, डागही गेला. कपाट लाकडी, जुन्या जमान्यातलं, चार माणसांचं. त्याला मी हातसुद्धा लावला नाही. सिस्टरनी विचारलं, "मागे मारलात?" मी म्हटलं, "मारलाय की. दोन हात." जिभेला सवयच तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूल्यांकनाला आली ती अक्का. मला काय माहीत बँक तिलाच पाठवणार? मी शिडी न्यायला गेलो होतो आणि जिन्यात आमची गाठ पडली. ती सिस्टरना म्हणाली, "हे माझे मेव्हणे. घर त्यांचं नाही तेव्हा मला बघता येईल, पण त्यांनी इथे काम केलंय म्हणून मी दुप्पट बघणार." सिस्टर म्हणाल्या, "खुशाल बघा." मी शिडीचं विसरून त्यांच्या मागोमाग निघालो.

पण सुरुवात झकास झाली. स्वयंपाकघराच्या ओट्याला टवका उडालेला, अक्काने फोटो काढला आणि पुढे गेली. दाराच्या चौकटीला कधीकाळच्या कुत्र्याने कुरतडलेलं, फोटो, पुढे. दोन फरशांना तडे, त्यावर अनवाणी पाय फिरवून बघितला, कड लागत नाही म्हणाली, पुढे. पडद्याची दांडी वाकडी, तिच्याकडे तर बघितलंसुद्धा नाही. सिस्टरना याच गोष्टींची रात्रभर धास्ती होती. त्यांचा चेहरा खोलीगणिक मोकळा होत गेला. मग अक्का जिन्यावर थांबली. "याचा कठडा कुठे आहे?"

सिस्टर म्हणाल्या, "वरच्या खोलीतलं कपाट नेताना आमच्या यांनी काढला होता. उद्या लावतो म्हणाले. त्याला वीस वर्षं झाली."

"कठडा लावावा लागेल. कुणी पडेल." अक्काने लिहून घेतलं. कठडा मागच्या पडवीत उभा होता. मी म्हटलं, "आजच लावतो, माझ्याकडे स्क्रू आहेत." इथपर्यंत ठीक होतं.

वरच्या खोलीत ती मधोमध उभी राहिली. श्वास घेतला. माझ्याकडे बघितलं. "एकाच भिंतीला नवा रंग. कशासाठी?"

मी काहीतरी थाप मारणार होतो, पण सिस्टर सरळ बाई. "डाग होता तिथे. नऊ वर्षांपूर्वी पलीकडे नळ गळत होता, यांनी नवा बसवला. त्यानंतर काही नाही."

"नळ बदलल्याचा काही कागद?"

"स्वतःच बदलला. फिटरला कागद कोण देणार?"

अक्काने मीटरच्या सुया भिंतीला टेकवल्या. आकडा वर चढला. ओल. "तो माझा रंग आहे," मी म्हटलं, "काल संध्याकाळचा. वाळलाय कुठे अजून?"

"तेच तर," अक्का म्हणाली. आवाज चढवत नाही ती कधी, हाच तिचा मोठा दोष. "हा आकडा रंगाचा की नळाचा, मला कसं कळणार? डाग होता तसा ठेवला असता तर मी सुया लावल्या असत्या, कोरडा निघाला असता, एक फोटो, एक ओळ, काम संपलं असतं. आता मला लिहावं लागेल की भिंत ताजी रंगवली आहे, खालचं दिसत नाही. प्लंबरने भिंत उघडून नळ तपासावा, मग मी पुन्हा येईन. तीन आठवडे धरा."

महिनाअखेरीला अकरा दिवस होते.

सिस्टर पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी फोन हातात घेतला, मुलीचं नाव काढलं, आणि लावलाच नाही. मांडीवर पालथा ठेवला. "याही वेळी नाहीच बहुतेक," म्हणाल्या, एवढंच. मग अक्काकडे बघून, "मी खोटं सांगत नाहीये हो."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," अक्का म्हणाली. "पण माझ्या अहवालात विश्वासाला रकाना नाही."

मला आधी राग आला तो अक्काचा. तीस वर्षांचा साठलेला राग. मग कळलं की चूक माझीच आहे. मेलेला डाग होता, मी त्याला रंग फासून जिवंत केला. करायला गेलो काय आणि झालं काय. आणि त्याच क्षणी माझी नजर कपाटावर गेली. कारण त्या घरात एक भिंत अशी होती की जिला माझा हात लागलेला नव्हता, आणि हे फक्त मला माहीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग बोलायला काय झालं? बोलायला काही नाही. पण तीस वर्षं ज्या बाईसमोर मी दोन हात मारलेत म्हणून छाती काढून सांगत आलो, तिच्यासमोर, आणि ज्या बाईला कालच तोंडावर सांगितलं तिच्यासमोर, एकाच वाक्यात दोन्ही खोटं कबूल करायचं. शिवाय गल्लीत ही गोष्ट पसरायला एक दुपार पुरे. उद्या माझ्याकडे घर रंगवायला देणारा प्रत्येकजण आधी कपाट ओढून बघणार. मी सिस्टरच्या मांडीवरच्या त्या पालथ्या फोनकडे बघितलं.

"अक्का," मी म्हटलं, "कपाटामागे रंग मारलेला नाही."

मला वाटलं होतं, आता ही हसणार. ती हसली नाही. नाकावरचा चष्मा नीट केला आणि म्हणाली, "मी सामान हलवत नाही."

"मी हलवतो."

सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही तर दोन हात मारलेत म्हणालात."

"खोटं बोललो, सिस्टर."

त्या पदर खोचून उठल्या. मी कपाटाला हात घातला तर कमरेतून कळ आली. त्यांनी मला दटावलं. "कमरेतून नाही, गुडघ्यांतून. शंभर किलोच्या बायका उचलल्यात मी अशाच." दोघांनी मिळून इंच इंच करत कपाट पुढे घेतलं. मागे धूळ, एक दातपडका कंगवा, वीस वर्षांपूर्वीचा पिवळा रंग, आणि त्या पिवळ्यावर डागाचा उरलेला अर्धा भाग. त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ, अगदी शाबूत. रेघेपाशी बारीक, सुबक अक्षरात नऊ वर्षांपूर्वीची तारीख आणि पुढे लिहिलेलं, 'नळ बदलला.' त्याच्याखाली एकाखाली एक पाच तारखा, प्रत्येक जानेवारीतली, आणि प्रत्येकीपुढे दोनच शब्द. 'जैसे थे.'

अक्का गुडघ्यांवर बसली. टॉर्च लावला. डागाची कड रेघेच्या आतच होती, कुठेही केसभर बाहेर नाही. सुया टेकवल्या. कोरडं. दुसऱ्या जागी टेकवल्या, कोरडं. तिसऱ्या जागी, कोरडं. मीटरचा आकडा तिने मला दाखवला. का ते मला माहीत नाही, पण दाखवला.

सिस्टर भिंतीपाशी उभ्या होत्या. "नवीन कॅलेंडर टांगलं की एका रविवारी हे कपाट ओढायचे," त्या म्हणाल्या. "मी विचारलं तर म्हणायचे, जरा मागे झाडून घेतो. मी म्हणायची, एवढं झाडता तर कंगवा कसा सापडत नाही माझा." त्यांनी खाली वाकून कंगवा उचलला आणि बराच वेळ पदराने पुसत राहिल्या. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

अक्काने फोटो काढले, तारखांचे, रेघेचे, मीटरचे. मग वहीत लिहू लागली. मी डोकावलो. 'जुना डाग, कोरडा, वाढ नाही. दुरुस्तीची गरज नाही.' आणि त्याखाली, 'कपाटामागील भिंत रंगवलेली नाही.'

"हे लिहायलाच हवं का?" मी विचारलं.

"दिसतंय ना," ती म्हणाली. "बँकेत तीस वर्षं जपून ठेवतात हे कागद." आणि मग कुठे तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

सिस्टरनी तिच्याकडे पेन्सिल मागितली. अक्काने आपली पेन्सिल कुणाला दिलेली मी आजवर पाहिली नव्हती. तिने दिली. सिस्टर खाली बसल्या, पाच तारखांच्या खाली चार ओळींची जागा मोकळी सोडली, आजची तारीख घातली आणि हळूहळू, नर्सच्या घाईच्या अक्षरात नाही तर शाळेतल्यासारखं, लिहिलं, 'जैसे थे.' मी म्हटलं, "सिस्टर, उद्या येऊन मागेही रंग मारून देतो. खरोखरच मारतो." अक्का म्हणाली, "खबरदार. पुढच्या वेळी येणाऱ्याला ही भिंत लागेल." पेटी बंद करून, कुलूप लावून, पाहणी संपली म्हणून तिने सांगितलं. आणि मग साडीचा पदर कमरेला खोचून कपाटाला खांदा लावायला आली. तिघांनी मिळून ते जागेवर ढकललं. बोट न लावणारी बाई, पण जोर मात्र माझ्यापेक्षा जास्त.

कठडा मी त्याच दुपारी लावला. तिसऱ्या दिवशी अक्का पुन्हा आली, कठड्याला लोंबकळून बघितलं, आणि अहवाल गेला. कर्ज मुदतीच्या तीन दिवस आधी मंजूर झालं. कपाट एवढं अवजड की सिस्टरनी ते नव्या जोडप्यासाठीच ठेवलं. किल्ल्या देताना मी तिथे होतो. त्या त्यांना घरभर फिरवून नळ कुठला, फ्यूज कुठला सांगत होत्या. वरच्या खोलीत आल्यावर त्यांनी पर्समधून एक चपटी पेन्सिल काढून जोडप्यातल्या मुलीच्या हातात ठेवली. अक्काचीच होती, परत घेतलेली दिसत नव्हती.

"नवीन कॅलेंडर टांगलं की एका रविवारी हे कपाट ओढा," सिस्टर म्हणाल्या, "आणि मागे जरा झाडून घ्या."

ती दोघं एकमेकांकडे बघून बरं म्हणाली. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी, असं त्यांना वाटलं असणार. मी आपला मागून म्हटलं, "कमरेतून नाही हं. गुडघ्यांतून."